पत्ते-भविष्य सराव मंडळाचा एकमुखी ठराव

माणसानं एकट्यानं घेतलेला निर्णय बरोबर ठरतो की चूक, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पण तो चूक ठरला तर गाव कुणाच्या नावानं बोलणार, याविषयी अजिबात मतभेद नाहीत. सगळ्या सुधारलेल्या देशांत समित्या नेमतात त्या याच कारणानं. आता नळदुर्गसारख्या, किल्ला मोठा आणि बाजारपेठ लहान अशा गावात घरगुती अडचणींसाठी सरकार काही समिती नेमून देत नाही. तिथल्या लोकांनी आपल्या हिमतीवर सोय करून घेतली. त्या सोयीचं नाव ‘नळदुर्ग पत्ते-भविष्य सराव मंडळ’.

मंडळाची स्थापना १९५९च्या डिसेंबरात झाली. सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या डाकबंगल्यात एक गोरी मडम मुक्कामाला उतरली होती. जाताना ती उशाशी एक डबी विसरून गेली. डबीत चित्रांचे पत्ते होते. खानसाम्यानं दोन दिवस त्यांच्याशी खेळून पाहिलं, पण त्यात ना इस्पिक ना बदाम, तेव्हा त्यानं ते गावातल्या सर्वांत वाचत्या माणसाकडं, म्हणजे निवृत्त पेशकार वसंतराव यांच्याकडं पोचते केले. वसंतरावांनी निजामाच्या अदालतीत चाळीस वर्षं उर्दू कागदपत्रं सांभाळलेली. त्यांनी पत्ते एकेक करून चष्म्याखालून घातले आणि शेरा दिला, “हा भविष्याचा मामला आहे.” कागद पाहून मामला ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळं शेरा कायम झाला आणि वसंतराव अध्यक्ष झाले.

पत्ते सत्त्याहत्तर भरले, त्यांतले बावीस बिनरंगी. चार रंगांपैकी तिघांत चौदा-चौदा आणि तलवारीच्या रंगात तेराच, त्यावरून एक पत्ता हरवला आहे हे सिद्ध झालं. हा हरवलेला पत्ता पुढं मंडळाला फार उपयोगी पडला. जे भविष्य चुकलं ते नेमकं त्या पत्त्यावर होतं, हे पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं.

पत्त्यांचे अर्थ सांगणारं पुस्तक मडम बहुधा बरोबर घेऊन गेली. एखाद्या अडाणी गावानं इथंच हात टेकले असते. पण देशात लोकशाही आलेली होती, दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या, हात वर करायची लोकांना सवय लागली होती. मंडळानं पत्त्यांचे अर्थ बहुमतानं ठरवले.

खांद्यावरच्या काठीला बोचकं अडकवून कड्याकडं निघालेला माणूस आणि त्याच्या पायाशी कुत्रं, या पत्त्याचा अर्थ ‘बदली’ असा चर्चेविना मंजूर झाला. (कुत्रं म्हणजे घरमालक, अशी उपसूचना आली होती, ती मागं घेण्यात आली.) एक माणूस उलटा टांगलेला असून चेहऱ्यावर समाधान होतं; ती ‘भरपगारी रजा’ ठरली. वीज पडून ढासळणारा बुरूज आणि त्यावरून खाली येणारी दोन माणसं: बुरूज आपल्याच किल्ल्याचा, माणसं बांधकाम खात्याची, पाहणीला आलेली. अर्थ ‘सरकारी काम’, म्हणजेच ‘अडथळा’. पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा निघाला तेव्हा मात्र अडत दुकानदार महालिंगप्पा उठून उभे राहिले. “असलं काय घरात नगं,” ते म्हणाले, “लेकरंबाळं हायत.” त्यावर तोडगा निघाला की या पत्त्यात फक्त घोडा विचारात घ्यावा, स्वाराकडं दुर्लक्ष करावं. अर्थ ‘प्रवासयोग’. झाडाखाली उभ्या असलेल्या विवस्त्र स्त्री-पुरुषांचा पत्ता अध्यक्षांनी सखोल अभ्यासासाठी स्वतःजवळ ठेवून घेतला. अभ्यास चालू आहे. आणि सिंहासनावर बसलेली मुकुटवाली बाई निघाली तेव्हा, तुळजापूर जवळ असल्यानं, सगळ्यांचे हात आपोआप जुळले. ती ‘देवी’ ठरली. देवीचा पत्ता आला की हात जोडायचे आणि अर्थ सांगायचा नाही. देवी असली म्हणून तिला काय म्हणायचंय ते कुणी विचारत बसतं का?

मंडळाचे चिटणीस अंबादास गुरुजी हे प्राथमिक शाळेत शिक्षक. बैठक त्यांच्याच ओसरीवर, दर गुरुवारी दुपारी चार वाजता, शाळा सुटली की. गुरुजींची शाळेतली खुर्ची तीच होती, फळा तोच होता, पण तेरा वर्षांत वरचं राज्य तीनदा बदललं होतं. निजाम गेला आणि हैदराबाद राज्य उरलं, मग आम्ही मुंबईला जोडले गेलो, मग महाराष्ट्र झाला. दर वेळी भिंतीवरचा नकाशा उतरवायचा आणि नवा येईपर्यंत खिळ्याकडं बोट दाखवून भूगोल शिकवायचा. या सगळ्यातून गुरुजी स्वतः एकच गोष्ट शिकले होते: आपणहून काही करू नये, वरून काय येतंय ते बघावं. माणूस सज्जन. आवाज चढवणार नाही, कुणाला दुखवणार नाही. अशा माणसाला हे मंडळ मिळालं म्हणजे देवानंच दिलं.

मंडळाचे नियम नऊ. त्यांतले महत्त्वाचे असे:

नियम १. स्वतःचे किंवा घरच्यांचे पत्ते स्वतः वाचू नयेत.

नियम ४. ज्याचा प्रश्न असेल त्यानं बैठकीत बोलू नये. बोलण्यानं पत्ते बिथरतात.

नियम ६. एकदा मांडलेले पत्ते निकाल लागेपर्यंत जागचे हलवू नयेत.

नियम ७. जादा बैठक बोलवायची तर सात दिवस आधी सूचना द्यावी. (बैठक आठवड्यानंच असते, त्यामुळं सूचनेची मुदत भरेपर्यंत नेहमीची बैठक येतेच. नियमात दोष काढायला जागा नाही.)

नियम ९. मंडळात जे सांगितलं जातं तो सराव आहे.

हा नववा नियम म्हणजे मंडळाचा कणा. भविष्य खरं ठरलं तर ते शास्त्र. खोटं ठरलं तर आपण सरावच करत होतो, त्यात एवढं काय. पहिल्या दीड वर्षात मंडळानं एकूण २१२ भविष्यं वर्तवली. त्यांतली ६१ खरी ठरली, ४० जवळजवळ खरी ठरली, ८८ प्रगतिपथावर आहेत आणि २३ हरवलेल्या पत्त्यावर होती. खऱ्या ठरलेल्या ६१ पैकी ५४ ‘एस.टी. उशिरा येईल’ अशा स्वरूपाची होती, पण त्यामुळं शास्त्राला कमीपणा येत नाही.

अशा या मंडळापुढं ५ जून १९६१ रोजी, सोमवारी, एक खरा प्रश्न आला. पोस्टमन शरणप्पा पाकीट घेऊन ओसरीवर चढला आणि म्हणाला, “गुरुजी, औरंगाबादचं हाय. शामलाच्या नावानं.” गुरुजींची मोठी मुलगी शामला त्या वर्षी मॅट्रिक झाली होती, आणि मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात तिची निवड झाली होती. पत्र साधं होतं. २१ जून, बुधवार, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत हजर व्हावे. सोबत पालकाच्या सहीचे संमतिपत्र आणावे. न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल.

संमतिपत्र पाकिटातच होतं. अर्ध्या पानाचं, खाली एक रेघ.

गुरुजींना आनंद झाला. अगदी मनापासून झाला. त्यांनी पत्र तीनदा वाचलं, एकदा बायकोला, अनसूयाबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरीनं जावं असंच त्यांना वाटत होतं. मग त्यांनी टाक उचलला आणि त्या रेघेकडं पाहिलं. रेघेवर एकच नाव मावणार होतं. उद्या तिकडं पोरीचं काही बरंवाईट झालं, आजारी पडली, कुणी काही बोललं, तर नळदुर्गात कुणी म्हणणार नव्हतं की सरकारनं नेली. म्हणणार होते, अंबादासनं पाठवली. त्यांनी टाक खाली ठेवला.

“गुरुवारी मंडळात ठेवू,” ते म्हणाले.

“मंडळात काय ठेवायचं त्यात?” अनसूयाबाई म्हणाल्या. “तुमची पोरगी, तुमची सही.”

“म्हणूनच,” गुरुजी म्हणाले.

८ जूनच्या बैठकीत प्रश्न दाखल झाला. नियम एक प्रमाणे गुरुजी बाजूला बसले. महालिंगप्पांनी पत्ते पिसले, वसंतरावांनी तीन काढून सतरंजीवर ओळीनं मांडले. डावीकडं घोडा, मधे देवी, उजवीकडं बुरूज. देवी पाहताच सगळ्यांनी हात जोडले आणि पुढच्या कामाला लागले.

महालिंगप्पांनी वाचलं, “आदी प्रवास, मग अडथळा. म्हंजे पोरगी जाती आन् तिथं कायतरी घोटाळा व्हतो. धाडू नगा.”

वसंतरावांनी चष्मा पुसला. “अप्पा, तुम्ही उलटं वाचताय. आधी अडथळा, मग प्रवास. अडथळा सरतो आणि पोरगी जाते. जरूर पाठवा.”

इथं मंडळाच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा तात्त्विक पेच उभा राहिला. वसंतरावांनी जन्मभर उर्दू वाचली. त्यांची नजर उजवीकडून डावीकडं जायची. महालिंगप्पांची नजर मराठीत आणि कानडीत, दोन्हीकडं, डावीकडून उजवीकडं. दीड वर्षात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण एस.टी. कुठल्याही बाजूनं वाचली तरी उशिराच येते. कुणीतरी हळूच म्हणालं की आता राज्यकारभार मराठीत आहे, तेव्हा डावीकडूनच वाचणं कायद्याला धरून होईल. वसंतरावांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे माझी चाळीस वर्षं उलटी वाचण्यात गेली, असंच ना?” आता प्रश्न शामलाचा राहिला नाही. एका वयोवृद्ध माणसाच्या अब्रूचा झाला, आणि कुठल्याही सभ्य मंडळानं जे केलं असतं तेच या मंडळानं केलं. दिशा ठरवण्यासाठी महालिंगप्पांची एकसदस्य उपसमिती नेमली. अहवाल पुढच्या गुरुवारी.

नियम सहा प्रमाणे तिन्ही पत्ते जागेवर ठेवून त्यांवर परात पालथी घालण्यात आली. आठवडाभर घरातली माणसं परातीला वळसा घालून ये-जा करत होती. शामला झाडताना परातीभोवती गोल झाडायची.

१५ जूनला अहवाल आला. महालिंगप्पांनी या कामी अक्कलकोटला जाऊन आपल्या मेहुण्यांचा सल्ला घेतला होता, कारण मेहुणे कानडी आणि उर्दू दोन्ही वाचतात. “त्ये म्हन्ले, दोन्ही बराबर हाय,” महालिंगप्पांनी सांगितलं. अहवालाचं टाळ्या वाजवून स्वागत झालं. वसंतरावांचे डोळे पाणावले. मात्र अहवालावरची कारवाई, रीत म्हणून, पुढच्या बैठकीवर गेली.

इतक्यात शामला चहा घेऊन बाहेर आली. तिनं कप मांडले आणि सरळ उभी राहून म्हणाली, “काका, पुढचा गुरुवार बावीस तारखेला येतो. मला एकवीसला पोचायचंय.”

वसंतरावांनी बोट वर केलं. “बाळ, नियम चार.”

शामला आत गेली. महालिंगप्पा चहाचा घोट घेऊन म्हणाले, “पोरगी लई हुशार हाय. शिकली पायजे.” हे मत सर्वांना मान्य झालं आणि तशी नोंद घेण्यात आली.

त्यानंतरच्या दिवसांत अनसूयाबाईंनी पोरीची ट्रंक भरली, दशम्या केल्या, त्या शिळ्या झाल्या म्हणून गाईला घातल्या आणि पुन्हा केल्या. सोमवारी संध्याकाळी शामला वडिलांजवळ येऊन बसली. संमतिपत्र तिच्या हातात होतं.

“बाबा, उद्या सकाळच्या गाडीनं निघालं तर दिवेलागणीपर्यंत पोचतो. परवा दिवसभर हाताशी राहतो. त्यानंतरची गाडी कामाची नाही.”

“गुरुवार होऊ दे,” गुरुजी म्हणाले. “सगळे अनुकूलच आहेत. दोन दिवसांचा तर प्रश्न.”

“गुरुवारी बावीस आहे, बाबा.”

“ठाऊक आहे मला.”

आणि त्यांना ठाऊक होतंच. चौथीला गणित तेच शिकवत होते. पण त्यांनी आजवर सरकारनं छापलेल्या असंख्य तारखा पाहिल्या होत्या. पुस्तकं येण्याच्या तारखा, नकाशा येण्याच्या तारखा, शाळेचं छप्पर दुरुस्त होण्याच्या तारखा. त्यांतली एकही तारीख स्वतः वेळेवर आलेली नव्हती. एक कॉलेज तेवढं घड्याळ लावून दार बंद करेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसरं म्हणजे आत्ता सही केली तर ती एकट्याची सही होती, आणि दोन दिवस थांबलं की तीच सही मंडळाची होत होती. नुसत्या दोन दिवसांत एवढं ओझं उतरत असेल तर कोण उतरवणार नाही?

शामलानं कागदाची घडी घातली. “बाबा, तुम्हाला मला पाठवायचंय का नाही, तेवढंच सांगा.”

“पाठवायचंय,” गुरुजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

मंगळवारी सकाळची गाडी आली. त्या दिवशी ती वेळेवर आली. ट्रंक दारात होती, शामला ट्रंकेवर बसून होती, आणि गुरुजी शाळेत लवकर गेले होते. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता गुरुजी ओसरीवर आले, त्यांनी परातीची कड थोडी उचलली, आत पाहिलं आणि पुन्हा जपून टेकवली. पत्ते होते तसेच होते.

२२ जूनची बैठक मंडळाच्या इतिहासात सर्वोत्तम समजली जाते. महालिंगप्पांनी सुचवलं की एकानं डावीकडून आणि एकानं उजवीकडून एकाच वेळी वाचावं आणि देवीपाशी येऊन थांबावं, म्हणजे कुणाचाच मान जाणार नाही. तसं करण्यात आलं. दोघं देवीपाशी भेटले, सगळ्यांनी हात जोडले, आणि वसंतरावांनी ठराव सांगितला: ‘चि. शामला हिने उच्च शिक्षणासाठी अवश्य जावे. स्त्रीशिक्षण ही काळाची गरज आहे.’ ठराव एकमुखानं मंजूर झाला. नळदुर्गात मुलीच्या शिक्षणाच्या बाजूनं एवढ्या ठामपणे आजवर कुणीही ठराव केलेला नव्हता. महालिंगप्पांनी हलवायाकडून पेढे मागवले. वसंतराव गुरुजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “अंबादास, आता बेधडक कर सही. आम्ही सगळे तुझ्या मागं आहोत.”

गुरुजींनी सही केली. अक्षर त्यांचं सुरेखच. सवयीनं खाली तारीखही घातली, आणि कागद घेऊन आत गेले. शामला कप विसळत होती. तिनं ओला हात पदराला पुसला, सही पाहिली, तारीख पाहिली आणि कागद त्यांच्याकडं परत दिला. मग उरलेले कप विसळायला लागली. गुरुजींना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. समजूत घालायला काहीतरी मिळालं असतं.

कागद पोस्टानं पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं: जागा भरली आहे. मंडळानं हे उत्तर पत्त्यांशी ताडून पाहिलं. वसंतरावांनी दाखवून दिलं की उजवीकडून पहिला पत्ता बुरूज, अडथळा, आणि तो आलाच की. भविष्य खरं ठरलेल्यांच्या यादीत गेलं. पुढच्या वैशाखात शामलाचं लग्न झालं, भूमला, कापसाच्या जिनिंगमधल्या एका कारकुनाशी. तीच ट्रंक घेऊन ती एस.टी.त बसली, तेव्हा डावीकडचा घोडाही खरा ठरला, आणि महालिंगप्पांना पुन्हा एकदा पेढे वाटावे लागले. एकाच मांडणीत दोन भविष्यं खरी ठरण्याचा हा पहिलाच प्रसंग.

लग्नाचा प्रश्न मंडळापुढं आला नव्हता. त्याला पत्ते लावावे लागले नाहीत, उपसमिती लागली नाही. स्थळ आलं, गुरुजींनी एका दुपारी होकार दिला. पोरीचं लग्न करून दिलं म्हणून बापाच्या नावानं गाव कधी बोलत नाही, त्यामुळं एवढा छोटा निर्णय घ्यायला ते एकटे पुरे होते.

हे वाचून काही वाचक गुरुजींवर चिडतील, काही हसतील. मंडळाची कशालाच हरकत नाही. आपल्या घरात असले पत्ते नाहीत, हेही वाचक अभिमानानं सांगतील, आणि ते खरंच असेल. तुमच्याकडं थोरल्या भावजींना विचारणं असेल, दिवाळी होऊ देणं असेल, चार ठिकाणी चौकशी करणं असेल. मघाशी घरातलं कुणीतरी एक कागद घेऊन तुमच्यापाशी येऊन उभं राहिलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “एवढी गोष्ट वाचून होऊ दे.” ते अजून तिथंच उभं आहे का बघा. नसेल, तर दर गुरुवारी दुपारी चार वाजता या. मंडळात प्रवेशाला शेवटची तारीख नसते.